आकार पोचतो, थर वाटेत राहतो

२ सप्टेंबर २०२५ रोजी दिल्लीतील द्वारका येथे, यशोभूमीत, ‘सेमिकॉन इंडिया’ परिषदेचे उद्घाटन झाले आणि त्या प्रसंगी पंतप्रधानांना ‘विक्रम’ हा ३२ बिटांचा प्रोसेसर भेट देण्यात आला. मोहालीच्या सेमिकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटरच्या तंत्राने तो घडवला गेला. तिरुवनंतपुरमचे विक्रम साराभाई अंतराळ केंद्र आणि मोहालीची ही प्रयोगशाळा यांनी मिळून तो सिद्ध केला. त्याचा १६ बिटांचा पूर्वज, विक्रम १६०१, २००९ पासून इस्रोच्या प्रक्षेपकांत काम करीत आला आहे. एवढे तपशील बातम्यांत आले. चिपचा आराखडा कारखान्याकडे जातो म्हणजे नेमके काय जाते, याची चर्चा मात्र झाली नाही. जाते ती एक संगणकीय फाइल. तिच्यात असतात बंद आकृत्या, बहुतेक काटकोनी, मोठ्या चिपच्या बाबतीत कोट्यवधींच्या संख्येने. आणि प्रत्येक आकृतीला जोडलेला एक क्रमांक. ही आकृती कोणत्या थरातली, एवढेच तो क्रमांक सांगतो. पुढचे सारे लेखन त्या क्षुल्लक दिसणाऱ्या क्रमांकाविषयी आहे.

विषय दिल्लीच्या परिसराला तर फारच जवळचा. नोएडा आणि ग्रेटर नोएडा येथे चिपचे आराखडे आखणाऱ्यांची आणि आराखड्याची साधने लिहिणाऱ्यांची मोठी वस्ती आहे. एसटी मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स, केडन्स, सिनॉप्सिस ही नावे तेथे जुनी झाली. मे २०२५ मध्ये रेनेसासच्या ३ नॅनोमीटरच्या आराखड्यांसाठीच्या केंद्राचे उद्घाटनही नोएडात झाले. ज्या भट्ट्यांत ही सिलिकॉनची चकती शिजते त्या मात्र तेथे नाहीत. नोएडातून बाहेर पडतो तो आराखडा; घडण दूर कुठे तरी, बहुधा समुद्रापलीकडे होते. म्हणजे या शहराचा सारा उद्योग एका गोष्टीवर उभा आहे: इथे काढलेले चित्र तिथल्या यंत्राला जसेच्या तसे कळले पाहिजे.

मराठीत लिथोग्राफीला जुना, सुंदर शब्द आहे: शिळाछाप. १८९४ साली राजा रविवर्मा यांनी मुंबईत छापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तेथे छापलेली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचली. त्या चित्रांचे तंत्र असे की प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा. एका शिळेवर फक्त पिवळा भाग, दुसरीवर फक्त तांबडा, तिसरीवर निळ्याच्या छटा. कागद एकेका शिळेवरून जातो आणि शेवटी साडीचा काठ, चेहऱ्याची कांती, कमळाची पाकळी उमटते. कोणतीही एक शिळा पाहून चित्र ओळखता येणार नाही. आणि निळ्याच्या शिळेला चुकून तांबडी शाई लागली, तर रेघा अगदी बिनचूक असूनही देवीचा चेहरा बिघडतो.

चिपची घडण हीच शिळाछाप आहे, फक्त दगडाच्या जागी क्वार्ट्झच्या काचेवरचा क्रोमचा मास्क आणि शाईच्या जागी प्रकाश. एक मास्क सांगतो की सिलिकॉनचा कोणता भाग क्रियाशील ठेवायचा. दुसरा सांगतो की पॉलिसिलिकॉनच्या पट्ट्या कुठे हव्यात. तिसरा सांगतो की विद्युतरोधी आवरणाला संपर्काची छिद्रे कुठे पाडायची. मग धातूचा पहिला मजला, दोन मजल्यांना जोडणारी छिद्रे, धातूचा दुसरा मजला, असे वर वर. थर म्हटले की मराठी मनाला आधी दहीहंडी आठवते, आणि ती आठवण येथे अगदीच गैरलागू नाही. कोण कोणाच्या खांद्यावर उभा आहे यावर सगळे अवलंबून असते.

विद्यार्थ्यांना पहिल्यांदा शिकताना एक गोष्ट हमखास चकवते. चिप ट्रान्झिस्टरांची बनलेली असते हे लहानपणापासून ऐकलेले असते, पण थरांच्या यादीत ट्रान्झिस्टर नावाचा थर कुठेच सापडत नाही. क्रियाशील सिलिकॉनचा आयत एका थरात, पॉलिसिलिकॉनची पट्टी दुसऱ्या थरात, आणि ती पट्टी त्या आयताला जिथे ओलांडते तिथे ट्रान्झिस्टर असतो. तो काढलेला नसतो, दोन थरांच्या छेदातून निपजलेला असतो. तेव्हा पट्टीचा थर बदलला तर पट्टी चुकते एवढेच होत नाही. पट्टी जागच्या जागी राहते, तिची लांबी-रुंदी नॅनोमीटरभरही हलत नाही, आणि ट्रान्झिस्टर नाहीसा होतो.

पूर्वी हे होणे जवळजवळ अशक्य होते, कारण थरांना देह होता. १९७१ साली इंटेलचा ४००४ हा प्रोसेसर आला, सुमारे २३०० ट्रान्झिस्टरांचा. त्याचे मास्क रुबीलिथ नावाच्या तांबड्या पापुद्र्याच्या पारदर्शक पत्र्यांवर हाताने कापलेल्या आकृत्यांवरून तयार झाले. एक थर म्हणजे टेबलावर पसरलेला एक खराखुरा पत्रा. इमारतींचे नकाशे काढणारेही तेच करीत. भिंतींचा एक ट्रेसिंग पेपर, नळांचा दुसरा, विजेच्या तारांचा तिसरा, सगळे एकावर एक ठेवायचे. त्यांत सरमिसळ व्हायची तर कोणी तरी पत्रा पळवून न्यायला हवा. संगणक आला आणि पत्रे गेले. डिसेंबर १९८२ मध्ये ऑटोकॅड बाजारात आले तेव्हा थर हे फक्त एक नाव उरले होते. चिपच्या जगात तर नावही उरले नाही.

कॅलिफोर्नियातील काल्मा नावाच्या कंपनीने १९७० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या आराखडा-यंत्रासाठी जी फाइलपद्धती ठरवली तिचे नाव जीडीएस-टू. कंपनी विकली गेली, पुन्हा विकली गेली, कालांतराने या पद्धतीचे हक्क केडन्सकडे आले. पद्धत मात्र आजतागायत चालू आहे. चुंबकीय फितीवर मावावी म्हणून ती अत्यंत काटकसरीने रचलेली आहे. प्रत्येक कोपऱ्याचे स्थान चार बाइटांच्या पूर्णांकात. प्रत्येक आकृतीला दोन छोटे पूर्णांक: पहिला लेयर, दुसरा डेटाटाइप. थराचे नाव साठवायला जागाच नाही. या फाइलीला पॉलिसिलिकॉन, धातू, छिद्र हे शब्द ठाऊक नाहीत. तिला ठाऊक आहे ६६ आणि २०, ६८ आणि ४४.

हे आकडे मनचे घेतलेले नाहीत. २०२० साली स्कायवॉटर या अमेरिकी कारखान्याने गूगलच्या साहाय्याने आपल्या १३० नॅनोमीटर तंत्राची सारी माहिती खुली केली. तोवर कारखान्यांच्या थरांच्या याद्या सहसा गुप्ततेच्या करारांत बंद असत, त्यामुळे विद्यार्थ्यांना असले उदाहरण उघडपणे दाखवणेही अवघड होते. स्कायवॉटरच्या यादीत लेयर ६६, डेटाटाइप २० म्हणजे पॉलिसिलिकॉन. लेयर ६६, डेटाटाइप ४४ म्हणजे त्याच्या वरच्या आवरणातील संपर्कछिद्र. लेयर ६८, डेटाटाइप २० म्हणजे धातूचा पहिला मजला. ६८ आणि ४४ म्हणजे त्या मजल्यावरून दुसऱ्या मजल्याकडे जाणारे छिद्र. ६९ आणि २० म्हणजे दुसरा मजला.

आता ही फाइल अशा एखाद्या प्रोग्रामातून गेली की ज्याला फक्त पहिला आकडा कळतो, तर काय होईल ते पाहण्यासारखे आहे. ६६ क्रमांकाचे सर्व आकार एकत्र येतील. पॉलिसिलिकॉनवरची छिद्रे पॉलिसिलिकॉनमध्येच विरघळतील, कारण चौकोनाच्या आत चौकोन टाकला तर बाहेरचाच उरतो. क्रियाशील सिलिकॉनवर जी छिद्रे होती तीही आता पॉलिसिलिकॉनचे बारीक ठिपके होतील, म्हणजे जिथे कधीच ट्रान्झिस्टर नव्हता तिथे ट्रान्झिस्टरासारखे काही तरी उगवेल. ६८ मध्ये पहिल्या मजल्याच्या धातूने आपली छिद्रे गिळलेली असतील आणि पहिला व दुसरा मजला एकमेकांशी बोलेनासे होतील. पडद्यावर चित्र जवळजवळ तेच दिसेल. ते डोळ्यांना खरे वाटते, हीच या अपघाताची सर्वांत वाईट बाजू.

दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाला या अपघाताचा रोजचा अनुभव असतो. मराठीत ‘काल’ आणि ‘उद्या’ हे दोन वेगळे थर आहेत. हिंदीत गेले की दोन्ही ‘कल’ होतात. वाक्य हिंदीतून परत मराठीत आणायचे तर ‘कल’चे काय करायचे हे क्रियापदाच्या काळावरून ठरवावे लागते. क्रियापद असले तर ठीक; चिठ्ठीवर नुसते ‘कल, पाँच बजे’ लिहिलेले असले तर अडचण. (मराठीने फार मिजास करू नये, ‘परवा’ हा शब्द आपल्याकडेही दोन्ही दिशांना धावतो.) फाइलीच्या रूपांतरातही हाच प्रकार घडतो. दोन थर एकात मिसळणे सोपे. पुन्हा वेगळे करायचे तर संदर्भातून अंदाज करावा लागतो, आणि जेथे संदर्भ नाही तेथे माहिती कायमची गेलेली असते. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे एन्ट्रॉपीच्या भाषेत सांगितले तरी चालेल, पण ‘कल’चे उदाहरण जास्त लवकर पटते.

नावे टिकवण्याचा प्रयत्न झालाच नव्हता असे नाही. कार्व्हर मीड आणि लिन कॉनवे यांच्या १९८० च्या पाठ्यपुस्तकाने चिपचा आराखडा विद्यापीठांच्या वर्गांत आणला. त्या चळवळीची फाइलपद्धती सीआयएफ नावाची होती, साध्या अक्षरांत लिहिलेली, माणसाला वाचता येणारी. तिच्यात थरांना छोटी नावे असत: एनडी म्हणजे डिफ्यूजन, एनपी म्हणजे पॉलिसिलिकॉन, एनएम म्हणजे धातू, एनसी म्हणजे संपर्कछिद्र. पहिले ‘एन’ हे अक्षर सांगे की ही नावे एन-मॉस प्रक्रियेतली आहेत. म्हणजे थराच्या नावातच त्याचे कुळ लिहिलेले! १९७९ साली कॉनवे यांच्या पुढाकाराने अमेरिकेतील बारा विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांचे आराखडे संगणक-जाळ्यावरून गोळा झाले आणि एकत्रित वेफरांवर घडवले गेले. वेगवेगळ्या गावांतली, एकमेकांना न भेटलेली माणसे एका काचेवर आपली चित्रे ठेवू शकली, त्याचे बरेचसे श्रेय या समाईक थरनावांना द्यावे लागेल. उद्योगाने मात्र जीडीएस-टू उचलली, आणि तिच्यामागे नावांविना चालणारे जग आले. पुढे ओअॅसिस नावाची नवी पद्धती आली. तिच्यात थराचे नाव ठेवण्याची सोय पुन्हा केली गेली. तरीही आज असंख्य ठिकाणी शेवटची देवाणघेवाण जीडीएस-टूमध्येच होते.

नाव फाइलीत नसले तर असते कुठे? वेगळ्या एका कागदावर. त्याला लेयर-मॅप म्हणतात. एका स्तंभात नाव, दुसऱ्यात लेयर, तिसऱ्यात डेटाटाइप, एवढाच तो तक्ता, बहुधा साध्या मजकुराच्या फाइलीत. रूपांतराच्या वेळी प्रोग्राम हा तक्ता मागतो; दिला नाही तर अनेक प्रोग्राम तक्रारही करीत नाहीत, आपल्या मनाने क्रमांक वाटून मोकळे होतात. चित्र एका पाकिटात आणि चित्राचा अर्थ दुसऱ्या पाकिटात, अशी ही व्यवस्था आहे. पहिले पाकीट सर्वजण जपतात.

उद्योगात निदान हे सांभाळायला वेगळी माणसे असतात. अडचण संशोधन-प्रयोगशाळांत जास्त. दिल्लीत आयआयटीच्या नॅनोस्केल रिसर्च फॅसिलिटीसारख्या ठिकाणी अनेक विभागांचे संशोधक येतात. कोणी प्रकाशवाहिन्या काढतो, कोणी द्रवाच्या सूक्ष्म नलिका, कोणी ग्राफीनचे इलेक्ट्रोड. त्यांतले सगळे चिपच्या परंपरेत वाढलेले नसतात. यंत्र-अभियांत्रिकीकडून आलेला विद्यार्थी हौसेने ऑटोकॅडमध्ये चित्र काढतो, डीएक्सएफ या स्वरूपात साठवतो, आणि मास्क लिहिणाऱ्या यंत्रासाठी ते जीडीएस-टूमध्ये बदलतो.

समजा, अशीच एक विद्यार्थिनी आहे. तिच्या चित्रात चार थर आहेत: खुणा, इलेक्ट्रोड, विद्युतरोधक, नलिका. ऑटोकॅडमध्ये त्यांना तिने नीट नावे दिली आहेत. खुणांचा अधिक चिन्हासारखा आकार एकदाच काढून तिने त्याचा ब्लॉक केला आणि तो प्रत्येक कोपऱ्यात ठेवला. तो काढताना चालू थर होता ‘०’. ऑटोकॅडचा नियम असा की शून्य थरावर काढलेला ब्लॉक ज्या थरावर ठेवला जाईल त्या थराचे गुण घेतो. तेव्हा तिच्या पडद्यावर सर्व काही बरोबर आहे. पण रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामाला हा घरगुती नियम ठाऊक असेलच असे नाही. नसला तर खुणा शून्य थरात जाऊन बसतात, आणि शून्य थर कोणीच मास्कसाठी मागितलेला नसतो. पहिला मास्क खुणांविना तयार होतो. पुढचे तीन मास्क कशावर जुळवायचे?

नावांचे काय होते तेही पाहू. जीडीएस-टूला आकडे हवेत, तेव्हा ‘इलेक्ट्रोड’ला १ आणि ‘नलिका’ला २ असे काही तरी प्रोग्राम ठरवतो. काही रूपांतरक हा क्रम फाइलीत थर ज्या क्रमाने भेटले त्यावरून लावतात. महिन्याने विद्यार्थिनी एक रेघ पुसते, एक नवा थर घालते, पुन्हा रूपांतर करते, आणि आता नलिका ३ झालेली असते. मास्क बनवणाऱ्याकडे जुनी चिठ्ठी आहे. तिच्यावर ‘२ म्हणजे नलिका’ असे लिहिलेले आहे. दोघांपैकी कोणाचाही हलगर्जीपणा नाही, आणि तरीही चुकीची काच तयार होते.

डीएक्सएफच्या आणखी दोन खोडी सांगून पुढे जावे. एक: रेघ आणि क्षेत्र यांत तो फरक करतो. चार सुट्या रेघांनी बनलेला चौकोन माणसाला चौकोन दिसतो, पण मास्कला क्षेत्र लागते. रेघांची टोके केसभर सुटी असली तर क्षेत्र बनत नाही आणि आकृती थरासकट नाहीशी होते. दुसरी: त्यातील १० हा आकडा १० मायक्रोमीटर की १० मिलिमीटर हे बघणाऱ्याच्या समजुतीवर राहू शकते. दिल्लीतच पुसा येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा देशाच्या मीटरचे प्रमाण सांभाळते, आणि तिच्यापासून काही कोसांवर एखादे चित्र हजारपट मोठे होऊन यंत्राच्या दारात उभे राहते. ही चूक निदान लगेच दिसते. थराची चूक दिसत नाही.

इलेक्ट्रॉनशलाकेने लिहिणाऱ्या यंत्रांत डेटाटाइपला आणखी एक काम दिलेले असते. दाट आकृत्यांच्या शेजारी इलेक्ट्रॉन परतून विखुरतात, म्हणून तिथे मात्रा कमी द्यावी लागते, एकट्या बारीक रेघेला जास्त. काही यंत्रांच्या परंपरेत डेटाटाइप १००० म्हणजे नेहमीची मात्रा आणि १२०० म्हणजे तिच्या १.२ पट. ज्याने आठवडाभर खपून या मात्रा ठरवल्या त्याची फाइल मधल्या एखाद्या प्रोग्रामातून गेली आणि डेटाटाइप सपाट झाला, तर आकृत्यांचे स्थान, माप, थर सगळे ठीक राहते. फक्त मात्रा जाते. रेघा जाड-बारीक उमटतात आणि दोष रसायनाला दिला जातो.

याहून खोल अडचण तेव्हा येते जेव्हा दोन प्रोग्रामांची थराची कल्पनाच वेगळी असते. १९८० च्या दशकात बर्कली विद्यापीठात जन्मलेला ‘मॅजिक’ हा आराखडा-प्रोग्राम आजही जिवंत आहे. स्कायवॉटरची खुली माहिती आल्यावर तर जगभरच्या विद्यार्थ्यांनी त्याला पुन्हा जवळ केले. मॅजिकमध्ये संपर्कछिद्रे एकेक काढायची नसतात. ‘इथे संपर्क’ असे म्हणून एक क्षेत्र रंगवायचे. प्रत्यक्षातली बारीक चौकोनी छिद्रे, त्यांच्यामधले अंतर, कडेचा धातू हे सर्व फाइल बाहेर पडताना प्रोग्राम निर्माण करतो. पॉलिसिलिकॉनने डिफ्यूजन ओलांडले की मॅजिक त्या जागेला ट्रान्झिस्टर म्हणून वेगळाच प्रकार मानतो. म्हणजे तेथील थर हे कारखान्याचे थर नव्हेत, आराखडा काढणाऱ्याच्या विचारांचे थर आहेत. एकाचे तीन होतात, दोनांचा एक होतो. अशी फाइल बाहेर जाऊन परत आली, तर मॅजिकला छिद्रांच्या ठिपक्यांवरून मूळ क्षेत्र ओळखावे लागते. बहुधा ओळखतो. पण ‘थर जपून न्या’ या मागणीला येथे एकास एक असा अर्थच उरत नाही. जपायचा असतो तो त्या थरांतून तयार होणारा परिपथ.

या सगळ्यावर उपाय आहेत आणि ते कंटाळवाणे आहेत. विद्यार्थ्यांना ते कंटाळवाणे म्हणूनच सांगितले जात नाहीत, असा संशय येतो. फाइल नेली की परत आणावी, आणि मूळ फाइल व परत आलेली फाइल यांची थराथराने वजाबाकी करावी. जर्मनीत विकसित झालेल्या ‘केलेआउट’ या खुल्या प्रोग्रामात ही सोय आहे. तिला एक्सऑर म्हणतात. जिथे दोन फाइली वेगळ्या आहेत तेवढेच आकार पडद्यावर उरतात. सर्व काही सुरळीत असेल तर पडदा कोरा. एरवी प्रयोगशाळेत कोरा पडदा दिसला की पोटात गोळा येतो. येथे मात्र तो पाहण्यासाठीच खटाटोप करायचा. त्याहून सोपा उपाय म्हणजे प्रत्येक थरातील आकृत्यांची संख्या आणि एकूण क्षेत्रफळ, जाण्यापूर्वी आणि गेल्यावर, लिहून ठेवणे. संपर्कछिद्रांच्या थरात जाताना ४० हजार चौकोन होते आणि आता एकही नाही, हे समजायला पदवी लागत नाही. आणि खरी कसोटी म्हणजे आराखड्यातून परिपथ पुन्हा वाचून काढणे व तो मूळ परिपथाशी ताडणे. उद्योगात ती झाल्याशिवाय फाइल हलत नाही. मात्र ज्यांच्या चित्रात परिपथच नाही, प्रकाशवाहिन्या किंवा नलिका आहेत, त्यांच्यासाठी अशी तयार कसोटी सहसा नसते. त्यांनी एक्सऑरवर अधिक विसंबावे.

या काटेकोरपणाची गरज आताच वाढते आहे. ‘चिप्स टू स्टार्टअप’ या योजनेखाली देशभरातल्या महाविद्यालयांना आराखड्याची व्यावसायिक साधने मिळू लागली आहेत. बंगळुरूच्या सी-डॅकमधील चिप-इन केंद्र ती पुरवते, आणि विद्यार्थ्यांचे आराखडे मोहालीत एकत्र घडवले जात आहेत. मीड आणि कॉनवे यांच्या काळी अमेरिकेत जे झाले त्याच्याशी याचे साम्य उघड आहे. अशा सामाईक खेपेत जागा मिळण्यासाठी महिनोन्‌महिने थांबावे लागते. खेप गेली की गेली, पीएच.डी.चा एक पूर्ण हंगाम तिच्याबरोबर जातो. हैदराबादचा किंवा नागपूरचा एखादा विद्यार्थी घरच्या संगणकावर खुल्या साधनाने आराखडा काढतो, महाविद्यालयात दुसऱ्या साधनात नेतो, केंद्राकडे तिसऱ्यात पाठवतो. प्रत्येक उंबरठ्यावर थरांचा तक्ता त्याच्याबरोबर गेला पाहिजे. या योजनांच्या बातम्यांत साधनांची आणि महाविद्यालयांची संख्या ठळक छापली जाते. तक्त्याची जबाबदारी कोणाची, हे शिकवणाऱ्या तासांची संख्याही कोणी विचारावी असे वाटते.

काळाचाही प्रश्न आहे. विक्रम १६०१ ने दीड दशकाहून अधिक सेवा केली. प्रक्षेपकांतले भाग असेच दीर्घायुषी असतात. वीस वर्षांनी एखादा भाग पुन्हा घडवायचा ठरला तर जीडीएस-टू फाइल उघडेल, याबद्दल शंका नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या फाइली आजही उघडतात. उघडल्यावर दिसतील रंगीबेरंगी आकार आणि शेजारी १, ५, १७, ४२. ज्या माणसाच्या वहीत १७ म्हणजे काय ते लिहिलेले होते तो निवृत्त झालेला असेल. म्हणून जाणते लोक तक्ता फाइलीशेजारी ठेवण्यावर थांबत नाहीत. प्रक्रियेचे नाव, तक्त्याची आवृत्ती आणि तारीख हेही त्याच पुडक्यात बांधून ठेवतात.

जुन्या मास्क-कारागिरांची आणखी एक रीत आहे. चिपच्या कडेला, जिथे परिपथ नाही अशा रिकाम्या जागेत, प्रत्येक थर आपले नाव आपल्याच द्रव्यात लिहितो. पॉलिसिलिकॉनच्या थरात पॉलिसिलिकॉनचीच दोन-तीन अक्षरे, पहिल्या धातूच्या थरात धातूची, आणि बाजूला मास्कची आवृत्ती सांगणारा आकडा. सूक्ष्मदर्शकाखाली ती ओळीने दिसतात. मात्र ती आराखड्यात मजकूर म्हणून टाकून चालत नाही. जीडीएस-टूमधला मजकूर हा नुसता शेरा असतो, मास्कवर तो उमटत नाही. प्रत्येक अक्षर बहुभुजाकृती म्हणून, त्या त्या थरात, आकारासारखे काढावे लागते. मग रूपांतरात थरांची अदलाबदल झालीच, तर पहिल्याच वेफरवर धातूचे नाव पॉलिसिलिकॉनमध्ये लिहिलेले सापडते.